माठाला ऑइल पेंट नको

हल्ली माठाला बाहेरून चकचकीत ऑइल पेंट लावायची पद्धत निघाली आहे. वर फुलेबिले काढतात. दिसायला छान दिसते, पण माझ्या मते हे चूक आहे.

पाण्याची तीन रूपे आहेत. बर्फ, पाणी आणि वाफ. ० अंशाला पाण्याचा बर्फ होतो, १०० अंशाला पाणी उकळते, हे सर्वांना पाठ आहे. पण वाफ व्हायला पाणी उकळावेच लागते असे नाही. धाम नदीच्या काठावर वाळत घातलेले लुगडे कोण उकळते? तरी ते घडीभरात कोरडे होते.

वाफ व्हायला उष्णता लागते. माठाच्या बारीक बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येते, त्याची वाफ होते आणि उष्णता घेतली जाते माठातल्या पाण्याची. म्हणून आतले पाणी गार. आजी म्हणते, "मडकं घामेजलं पायजे, तवाच पाणी थंड होते." ऑइल पेंटने छिद्रेच बुजतात. मग घाम येणार कोठून?

मी आणि आजीने दोन सारखी गाडगी घेतली. एकाला उरलेला हिरवा ऑइल पेंट दिला. रंग पक्का वाळल्यावर दोन्हींत पाणी भरून पडवीत ठेवले. दुपारी साध्या गाडग्यातले पाणी गारेगार, हिरव्यातले कोमट. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा कोमट पाणी कोण पिणार?

फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तीपण ओली होते. माझा भाऊ म्हणतो, तीही माठासारखी पाझरते. मुळीच नाही! हवेतली वाफ थंड बाटलीला लागून तिचे पाणी होते. माठाचा घाम आतला, बाटलीचा बाहेरचा.

पावसाळ्यात हवेतच पुष्कळ वाफ असते, म्हणून माठाचे पाणी तेवढे गार होत नाही. कूलरही नुसता दमट वारा फेकतो. त्यात माठाचा काय दोष?

काही मोठी माणसे म्हणतात, रंग दिला की माठ गळत नाही, खाली चिखल होत नाही. चिखल होतो हे खरे. पण खाली एक तुळशीची कुंडी ठेवली तर तेही पाणी वाया जात नाही. आणि रंगवायची फारच हौस असेल तर माठाखालची लोखंडी तिवई रंगवा. ती तशीही गंजलेली असते.

– इयत्ता ४ थी, पवनार