पाणी नळीत सारखं चालत नाही, मग खत सारखं कसं पोचेल?

परवा चौकटीचं लाकूड पाहायला लकडगंजला गेलो होतो. चहाच्या टपरीवर ड्रिपचं सामान विकणारा एक जण भेटला. म्हणे, "व्हेंचुरी पाच मिनिटं चालवा अन् पंप बंद करा. पाणीच ते, सगळीकडे सारखंच जाते जी!"

हाच सल्ला ऐकून मी दोन हंगाम धुऱ्याकडची कपाशी पिवळी पाडली. युरिया वाढवला, तर तोंडाकडची झाडं नुसती माजली. म्हणून आज लिहितोच.

हिशेब करा. नळी 60 मीटर, आतून 14 मिमी. दर 60 सेंमीवर ताशी 4 लिटरचा ड्रीपर, म्हणजे 100 ड्रीपर. तोंडाशी पाणी सेकंदाला 70 सेंमी धावते. पण प्रत्येक ड्रीपर आपला वाटा काढून घेतो, वेग घटत जातो. पहिले 30 मीटर एका मिनिटात, उरलेल्या 30 ला सहा मिनिटं! शेवटच्या 60 सेंमीलाच 80 सेकंदांवर लागतात. मेन, सबमेनचा वेळ वेगळा.

बरं, सात मिनिटांत तरी काम होते का? नाही. टोकाकडे पाणी संथ होते. मधली धार सरासरीच्या दुप्पट वेगाने जाते, कडेचं पाणी जवळपास उभं. म्हणून खताचा गठ्ठा एकदम येत नाही, लांबट होऊन येतो, मागे शेपूट राहते. जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने बारीक नळीतली ही गोष्ट 1953 मध्येच गणितानं मांडली.

मधेच पंप बंद केला की नळीतलं खत उताराच्या ड्रीपरमधून गळते. काही आतच वाळून ड्रीपर चोंदतात.

"लाईन जाते, थांबायचं कसं?" खरं आहे. मग खत उशिरा नका सोडू. पण सुरुवातीलाच सोडून वर दोन तास पाणीही देऊ नका, युरिया मुळांखाली धुपतो. आधी पाणी, मध्ये खत, शेवटी साधं पाणी.

शेवटी किती वेळ? टाकीत खायचा रंग टाका. शेवटच्या ड्रीपरखाली पांढरी वाटी ठेवा. रंग येऊन पूर्ण जाईपर्यंतचा वेळ, तोच तुमच्या शेताचा आकडा. ना माझा, ना दुकानदाराचा.

दहा रुपयांचा रंग आहे बाप्पा. करून पाहा, मग भांडा.