त्यांची निवड आणि आपली रास

येथील मराठी मंडळींच्या बैठकीत परवा एका स्नेह्यांनी, कोणी विचारले नसताना, मराठी विज्ञानकथेचा निकाल लावून टाकला. फ्री स्कूल स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना गार्डनर डोझ्वा या अमेरिकन संपादकाच्या वार्षिक विज्ञानकथासंग्रहाचे दोन खंड मिळाले होते. ते त्यांनी पावसाळाभर वाचले, मग दिवाळीत टपालाने आलेले चार मराठी अंक चाळले, आणि "कुठे ते आणि कुठे आपले!" असे म्हणून चहाचा कप खाली ठेवला. कोणीही प्रतिवाद केला नाही. मीही केला नाही, कारण प्रतिवाद सुचण्यासाठी मला नेहमीच घरी परत यावे लागते. तो येथे करतो.

स्नेह्यांनी तुलना केली ती कशाची कशाशी? डोझ्वा यांचा संग्रह १९८४ पासून २०१८ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, दरसाल निघाला. त्याचे पस्तीस खंड झाले. इंग्रजीत वर्षभर ठिकठिकाणी छापल्या गेलेल्या कथांचा ढीग एका माणसाने उपसायचा आणि त्यांतल्या मोजक्या राखायच्या, हा त्या पुस्तकाचा उद्योग. त्याच्याशेजारी आमच्या स्नेह्यांनी ठेवले काय, तर कोणीही न निवडलेले, जसे पिकले तसे आलेले चार दिवाळी अंक! पारखून, गवतात बसवून आलेली हापूसची पेटी एका बाजूला आणि वाऱ्याने पडलेल्या आंब्यांची न वेचलेली रास दुसऱ्या बाजूला ठेवून 'त्यांची झाडेच चांगली' असा निर्णय जो देईल, त्याला आपण बागाईतदार म्हणणार नाही. थिओडोर स्टर्जन हा विज्ञानकथेचा नामांकित अमेरिकन लेखक १९५०च्या दशकातच सांगून गेला की विज्ञानकथेतले शेकडा नव्वद लेखन टाकाऊ असते, पण मग कोणत्याही प्रकारातले शेकडा नव्वद तसेच असते. इंग्रजीतले ते नव्वद आमच्या स्नेह्यांच्या दृष्टीस पडत नाही, कारण ते कोणीतरी त्यांच्यावतीने आधीच वाचून टाकलेले असते. मराठीतले नव्वद त्यांना स्वतः वाचावे लागते. त्यांचा राग खरा आहे, पण तो लेखकांवर निघतो, ही चूक.

यावर उत्तर ठरलेले आहे: 'दिवाळी अंक हेच आमचे वार्षिक!' दिवाळी अंकाविषयी माझ्या मनात आदरच आहे. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशीनाथ रघुनाथ हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी ते 'मित्र' झाले, तेव्हा कलकत्त्यात बसून त्यांच्या परंपरेची निंदा करणे मला शोभणार नाही. 'नवल', 'धनंजय' यांसारख्या अंकांनी वर्षानुवर्षे जागा दिली नसती, तर मराठी विज्ञानकथेचा संसार उभाच राहिला नसता. परंतु दिवाळी अंक म्हणजे निवड नव्हे. ते आमंत्रण आहे. संपादक चार महिने आधी परिचित लेखकांकडे कथा मागतो, लेखक शब्द राखतो, पाने जाहिरातींच्या हिशेबाने ठरतात, आणि वसुबारसेच्या आत अंक बाहेर पडावा म्हणून सगळ्यांची धावपळ होते. जी कथा लिहिली जाण्यापूर्वीच मागितली गेली, ती संपादकाने निवडली असे कसे म्हणावे? आणि दिवाळी सरल्यानंतर त्या सगळ्या अंकांतल्या विज्ञानकथा एकत्र मांडून, कोणाची भीड न धरता, 'यातल्या या राहाव्यात' असे सांगणारा माणूस कोठे आहे? लिहिण्याचा सण आपण दरवर्षी साजरा करतो. वाचण्याचा करीत नाही.

निवडीने काय होते हे पाहावयास दूर जावे लागत नाही. याच शहरात हेमेंद्रमोहन बोस नावाचे एक व्यापारी 'कुंतलीन' हे केशतेल विकीत. तेलाची जाहिरात व्हावी म्हणून त्यांनी कथांना पारितोषिके ठेवली आणि पारितोषिक मिळालेल्या कथांचे वार्षिक पुस्तक काढण्यास आरंभ केला. अट एकच: कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण तो जाहिरातीसारखा वाटू नये. १८९६ साली या पारितोषिकाचा मान मिळाला तो 'निरुद्देशेर काहिनी' या कथेला आणि लेखक होते जगदीशचंद्र बसू! बंगालच्या उपसागरातून कलकत्त्यावर चालून येणारे वादळ समुद्रात ओतलेल्या केशतेलाच्या बाटलीने शमते, अशी ती गोष्ट. तेल पाण्यावर पसरले की लाटा निवतात, हे विज्ञान खरे. एका बाटलीने चक्रीवादळ बसते, ही थट्टा. आणि दोहोंच्या मधल्या जागेत बंगाली विज्ञानकथेचा जन्म. तेलवाल्याचे पुस्तक म्हणून बसूंनी ती पुढे लपवली नाही. १९२१ च्या 'अव्यक्त'मध्ये 'पलातक तुफान' या नावाने तिला सुधारून स्थान दिले. शरच्चंद्रांची 'मंदिर' ही कथा मामांच्या नावाने गेली, तीही याच पारितोषिकाला. बक्षिसाची रक्कम तेलाच्या नफ्यातून आली याचे कोणाला काय? शेवटी कोणीतरी बसून सगळ्या कथा वाचल्या आणि एकीवर बोट ठेवले.

आपल्याकडेही वेगळे घडले नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. ते जयंत विष्णु नारळीकर होते. आपल्या नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी केली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून प्रत दुसऱ्या हाताने करवून घेतली. एवढ्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाला आमंत्रण सहज मिळाले असते. त्यांना हवी होती ती पारख. पुढे १९७९ साली 'यक्षांची देणगी' आले आणि एका प्रतिष्ठित वाङ्मयप्रकाराची बैठक तयार झाली. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा श्रद्धांजलीचे लेख ओसंडले. पण त्यांच्या कथेला जो दरवाजा उघडला गेला होता तो आज कितीसा उघडा आहे, हे मला त्या लेखांत कोठे वाचावयास मिळाले नाही.

आपण निवडत नाही, म्हणून दुसरे निवडतात. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन' १९८६ साली पेंग्विनच्या जागतिक विज्ञानकथासंग्रहात गेली; संपादक होते इंग्लंडचे ब्रायन ऑल्डिस आणि स्वीडनचे सॅम लुंडवॉल. १९९३ मध्ये बाळ फोंडके यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह सिद्ध केला. काम उत्तम, पण एकदाचे. सर्वसाधारण मराठी कथेच्या बाबतीत राम कोलारकरांनी 'सर्वोत्कृष्ट मराठी कथा'चे खंडामागून खंड काढून दाखवले, तेव्हा हे आपल्या स्वभावात बसत नाही असेही म्हणता येत नाही. मात्र पस्तीस वर्षे न चुकता, केवळ विज्ञानकथेसाठी, हे मराठीत कोणी केलेले नाही.

'वर्षाला चांगल्या विज्ञानकथा निघतात तरी किती?' हा यावरचा आवडता आक्षेप. तो करणाऱ्याने त्या वर्षीच्या किती वाचल्या हे विचारावे, संभाषण संपते. समजा, पाचच निघाल्या. मग पाच छापाव्यात आणि उरलेल्या पानांवर डोझ्वा करीत तसा वर्षाचा आढावा द्यावा: कोणती नियतकालिके बुडाली, कोणती तगली, कोण लेखक वारले, कोणत्या कथा थोडक्यात हुकल्या. त्यांच्या खंडाच्या आरंभीचा तो लांबलचक लेख आणि शेवटची उल्लेखनीय कथांची यादी, हाच मला त्या पुस्तकाचा सर्वांत उपयुक्त भाग वाटत आला आहे. कथा आवडो वा न आवडो, त्या वर्षी काय घडले याची नोंद राहते. आपल्याकडे ज्या लेखकाची कथा थोडक्यात हुकली, त्याला ती हुकली हेही कळत नाही. तो दोन-तीन वर्षे लिहितो आणि मग बँकेच्या परीक्षांना बसतो.

आणि निवडणार कोण? येथे मी या मासिकाच्या वाचकांकडे वळतो. आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य हाताखालच्या माणसांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्यात गेले. नाइलाजाने का होईना, वर्षभराचे काम समोर ठेवून 'उत्कृष्ट', 'समाधानकारक', 'सुधारणेस वाव' असे शेरे मारण्याची सवय आपल्या हाताला आहे. पुण्या-मुंबईचा संपादक ज्या लेखकाला मंडईत भेटतो, त्याची कथा त्याला नाकारता येत नाही, ही त्याची खरी अडचण; आपल्याला ती नाही. कटकला, शिलाँगला, कलकत्त्याला बदलीवर असलेल्या माणसाची भीड कोण धरणार? दूर असल्याचे दुःख आपण इतकी वर्षे गाइले. दूर असल्याचा हा एक फायदा कधी वापरला नाही. पाच जणांनी पाच-पाच अंक वाटून घ्यावेत, लेखकाच्या नावावर कागद चिकटवून कथा एकमेकांकडे पाठवाव्यात, आणि निवडीखाली स्वतःचे नाव घालावे. गोपनीय नको. चुकलो तर लोकांनी नावानिशी शिव्या द्याव्यात. त्या शिव्यांनी जेवढी समीक्षा होईल तेवढी सध्या होत नाही.

त्या स्नेह्यांना मी हे सगळे पत्राने कळवले आहे. उत्तर आलेले नाही. त्यांचे ते चार दिवाळी अंक अजून माळ्यावर आहेत एवढे मात्र त्यांच्या घरून समजले. बिक्रीवाला त्यांच्या गल्लीत दर रविवारी सकाळी येतो.