गिटारचा रंग आणि आपली भीती

"मूळ रंग काढला की गिटारचा आवाज गेलाच", असं दुकानदार ठोकून देतात आणि शिकलेसवरलेले पालक माना डोलावतात. अहो, इलेक्ट्रिक गिटार आहे ती, सतार नव्हे! पोलादी तार थरथरली की खालच्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्यात रंगाचा वाटा कितीसा?

आणि 'मूळ रंग' म्हणजे तरी काय? अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९५०-६० च्या दशकांत मोटारींचेच रंग गिटारींना फासले. एडी व्हॅन हेलनने तर सायकलचा रंग वापरला, चिकटपट्ट्या लावून पट्टे काढले! हीच फेंडर १९९५ पासून कोऱ्या गिटारी मुद्दाम खरवडून, जुनाट करून चढ्या भावाने विकते. तिथे ती कला, आणि पोराने घरी पॉलिश पेपर घासला की नासधूस?

कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळेत मी नोकरी केली. ही भीती तिथलीच आहे. मुलांचे हात मळता कामा नयेत!

खरा धोका वेगळाच. घासताना भुकटी छातीत जाते, लॅकर भपकन पेटतं. तेव्हा तोंडाला चांगला मास्क हवा आणि काम गच्चीत, गॅस-समईपासून लांब. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची अस्सल गिटार असेल तर मात्र हात लावू नये, तिची किंमत रंगातही असते. (असते कुणाकडे म्हणा!)

नातीची गिटार सध्या माळ्यावर टांगली आहे. लॅकर पक्कं व्हायला काही आठवडे लागतात. खाली तिने पाटी लावली आहे : 'आजोबा, बोट लावून बघू नका.'