वीस बाथची नोट आणि माझा पाय

दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून बँकॉक-पटायाला कोण कोण चाललंय, याची चर्चा आत्तापासूनच सुरू झालीय. खत-बियाणं कंपन्या टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदारांना नेतात, काही संचालक मंडळी स्वखर्चाने (असं ते सांगतात) जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसामाफी मिळाली आणि गर्दी आणखी वाढली.

गेल्या वर्षी अशाच एका ग्रुपमध्ये सीट रिकामी झाली म्हणून मीही जाऊन आलो. पैसे माझे मी भरले. पत्रकार आहे, आधीच सांगितलेलं बरं.

निघण्याआधी टूरवाल्याने तासभर मीटिंग घेतली. चपाती मिळेल का, सिम कार्ड कुठलं घ्यायचं, रात्री मोकळा वेळ किती. तिथल्या माणसांशी कसं वागायचं, यावर एक वाक्य नाही. आम्हीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पटायाच्या बाजारात एका गाड्यावर आंबा आणि चिकट भात घेत होतो. हातातली वीस बाथची नोट वाऱ्याने उडाली. मी पटकन तिच्यावर पाय ठेवला. आपण एसटी स्टँडवर ठेवतो तसाच. गाड्यावरच्या बाईंचं हसू गेलं. बोलल्या काहीच नाहीत. मी पाय काढल्यावर वाकून स्वतः नोट उचलली, एप्रनला पुसली आणि डब्यात ठेवली. मग आमच्या गाईडने बाजूला नेऊन मोडक्या हिंदीत सांगितलं, की नोटेवर राजाचा फोटो असतो, त्यावर पाय म्हणजे राजावर पाय. राजाच्या अपमानाला तिथे कलम ११२ आहे, शिक्षा ३ ते १५ वर्षं.

घाम फुटला, पण खरं सांगू? कायद्यापेक्षा लाज जास्त वाटली. वहीला पाय लागला तरी आपण हात कपाळाला लावतो. पाय नीच, डोकं उंच, हे थाई लोकांचं आणि आपलं अगदी सारखं आहे. म्हणजे मला नवीन काही शिकायचंच नव्हतं. घरचंच तिथे आठवायचं होतं.

फरक आहेत, नाही असं नाही. आपण कुणाच्याही पोराच्या डोक्यावरून मायेने हात फिरवतो, तिथे ते आवडत नाही. भिक्खूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागलं की सगळे जागच्या जागी थांबतात. आमचा ग्रुप फोनवर बोलत पुढे चालत राहिला. हेच कुणी आपल्या थिएटरात केलं असतं तर आम्हीच बाह्या सरसावल्या असत्या.

बँकॉकच्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. तिथे आमच्यातले दोघं तशाच पोझमध्ये आडवे होऊन फोटो काढायला लागले. बोललो तर म्हणाले, ‘राव, पैसे मोजून आलोय.’ आपल्या देवळात कुणी बूट घालून गाभाऱ्याकडे निघाला तर आपण त्याने मोजलेले पैसे विचारतो का? त्याच ग्रुपमध्ये दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाणारे एक काका होते. ते एका कोपऱ्यात पाय मागे दुमडून, तळवे मूर्तीकडे होणार नाहीत असे, वीस मिनिटं शांत बसले. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिथली सफाई करणारी एक म्हातारी त्यांच्यापुढे हात जोडून वाकली. आमच्याकडे तिने बघितलंही नाही.

काहीजण शोकेससाठी बुद्धाचं नुसतं डोकं घेऊन आले. देवाचं मुंडकं टीव्हीखाली ठेवायचं, हे आपल्या गणपतीच्या बाबतीत चालेल का? शिवाय बुद्धमूर्ती देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाची परवानगी लागते, तेही कुणी विचारलं नाही.

टूरवाल्यांनो, पुढच्या मीटिंगमध्ये जेवणाच्या चर्चेतली फक्त पंधरा मिनिटं याला द्या. माझ्या मेहुण्याचा ग्रुप पुढच्या महिन्यात निघतोय. तिथे मी स्वतः येऊन बोलतो, फुकट. नोटेची गोष्टही सांगेन.