पाणंद रस्ता काय तुमच्या रीलसाठी आहे का?

पाऊस धरला की दर शनिवार-रविवारी आमच्या मावळ-मुळशी पट्ट्यात फोर बाय फोर गाड्यांच्या रांगा लागतात. थार, जिम्नी, गुरखा, एखादी जुनी जिप्सी. उचललेलं सस्पेन्शन, मड टायर, स्नॉर्केल, पुढे विंच, टपावर लाइटची पट्टी. दुपारपर्यंत पाणंदीत गुडघाभर चर पडलेले असतात. सोमवारी पहाटे त्याच पाणंदीतून दुधाचे कॅन लावून निघालेला मोटारसायकलवाला आडवा होतो. रील मात्र व्हायरल!

स्पष्टच बोलतो. मी स्वतः फोर बाय फोर चालवतो, त्यामुळे "तुला यातलं काय कळतंय" हे उत्तर मला देऊ नका.

आधी कौशल्याचं बघू. चाकं जागच्या जागी गरगर फिरवून दहा फूट चिखल उडवणं याला आपल्याकडे भारी ड्रायव्हिंग म्हणतात. खरं तर चाक फिरतंय आणि गाडी जागेवर आहे, म्हणजे पकड सुटली आहे. मड टायरचे खोल गट्टू तेव्हा फावड्यासारखी माती उपसतात. जाणता ड्रायव्हर आधी खाली उतरतो, पायी चालून वाट बघतो, पाण्यात काठी घालून खोली बघतो. टायरमधली हवा तीसच्या वरून अठरा-वीसवर आणतो, म्हणजे टायर पसरतो आणि रुततो कमी. लो रेंज टाकून अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेवतो. चाक घसरतंय असं वाटलं की पाय काढतो आणि मागे येतो. तो गेल्यावर मागे जेमतेम टायरची नक्षी उरते. गाडीवर लाखो रुपये घालून ज्याला हे जमत नाही, त्याने आधी शिकून घ्यावं.

आता चराचं काय होतं ते ऐका. चरात पाणी साठतं, माती आणखी मऊ होते. पुढची गाडी चर टाळून कडेने जाते, तिथे दुसरा चर. असं करत रस्ता शेजारच्या बांधावर चढतो, बांध फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणी झालेला भात उघडा पडतो. उतारावर तर चराचा ओढाच होतो, सगळी माती घेऊन खाली जातो. दिवाळीनंतर तेच चर वाळून दगडासारखे होतात आणि बैलगाडीचा आख मोडतात.

ही पाणंद मिळवायला शेतकऱ्याने काय केलेलं असतं माहितीये? भाऊबंदकी, मोजणी, तहसीलच्या चकरा, वर्षानुवर्षं चाललेले दावे. सरकारने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली ती याच शेत-पाणंद रस्त्यांसाठी. कारण रस्ता नसेल तर ऊस, भाजी, आजारी माणूस, काहीच वेळेत बाहेर निघत नाही. ते तुम्ही एका दुपारी उखडता.

सड्यावर तर याहून वाईट. कास पठार आणि त्याच्यासारखे सडे म्हणजे कातळावर जेमतेम काही इंच माती. त्याच मातीत पावसाळ्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा फुलतो. कासचा वायतुरा तर जगात फार थोड्या ठिकाणी उगवतो. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे. कासला निदान पहारा आहे. बाकीच्या बिननावाच्या सड्यांवर कोण आहे? तिथे एकदा चाक फिरलं की माती खरवडून निघते, पाणी वाट बदलतं, आणि पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात नुसता कातळ दिसतो.

"ट्रॅक्टरनेही रस्ता खराब होतो की!" होतो. पण ट्रॅक्टर पोटासाठी जातो, आणि त्याचा मालक पुढच्या आठवड्यात घमेलं घेऊन मुरूम टाकायला तिथेच असतो. तुम्ही कुठे असता?

"गावाला पैसे मिळतात." चार वडापाव आणि आठ चहा. एक ट्रॉली मुरूम तरी येतो का तेवढ्यात?

"रस्ता सगळ्यांचा आहे." बरोबर. म्हणूनच तो एकट्याने मोडायचा नाही.

आणि गाडीतले बदल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीच्या मूळ रचनेच्या विरोधात गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शहरातल्या पोराच्या बुलेटचा सायलेन्सर रोडरोलरखाली जातो, मग या गाड्या टोलनाक्यावरून सलाम घेत कशा येतात?

ऑफरोडिंग बंद करा असं मी म्हणत नाही. आखलेल्या ट्रॅकवर, जागामालकाच्या परवानगीने, मार्शल ठेवून खुशाल करा. गोव्यात भर पावसात स्पर्धा होतात, त्या आखलेल्या टप्प्यांवरच. मागणं एवढंच आहे.

एक, जून ते ऑक्टोबर ओल्या पाणंदीत आणि सड्यावर हौसेच्या गाड्या नकोत.
दोन, ताफा आणायचा तर ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आणि अनामत रक्कम. रस्ता नीट राहिला तर परत, नाहीतर त्यातून मुरूम.
तीन, विंच झाडाला लावताना रुंद पट्टा वापरा. नुसती वायर साल कापते, झाड वाळतं.

सरपंच, ग्रामसेवक, सदस्य, तुम्हालाही सांगतो. ग्रामसभेत ठराव घ्यायला कुणाची वाट बघताय? पुढच्या सभेत हा विषय मांडा, गावकऱ्यांनो तुम्हीही हात वर करा. आणि ताफेवाल्यांनो, कमेंटमध्ये शिव्या देण्यापेक्षा येत्या रविवारी एक ट्रॉली मुरूम घेऊन या. फावडं मी देतो.