कुंड्यांचे चौरस फूट

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा झाली. विषय एकच, इमारतीचा पुनर्विकास. १९८४ साली बांधलेली आमची डोंबिवलीची तीन मजली इमारत आता थकली आहे. स्लॅबच्या सळ्या बाहेर डोकावू लागल्या आहेत, पावसाळ्यात जिन्यातले प्लॅस्टर सुटते. तेव्हा पुनर्विकासाला माझा विरोध असण्याचे कारण नव्हते, आजही नाही. वास्तुविशारदांनी नकाशे भिंतीवर लावले. कोणाला किती चौरस फूट जास्त मिळणार, लिफ्ट किती, गाड्या कुठे उभ्या राहणार, सारे तपशीलवार सांगून झाले. ‘कोणाला काही शंका?’ असे विचारल्यावर मी हात वर केला.

“गॅलरी कुठे दिसत नाही ती?”

“काकू, गॅलरी हॉलमध्ये घेतलीय. तुमचा हॉल केवढा मोठा झालाय बघा!”

“मग कुंड्या कुठे ठेवायच्या?”

सभेत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, “आता कुंड्यांचेही चौरस फूट मोजायचे का?” मीसुद्धा सगळ्यांबरोबर हसले. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही पाठ सोडीना. खरेच, का मोजू नयेत? वाहनतळाचे मोजतो, जिन्याचे मोजतो, गिझर बसवायच्या कोनाड्याचेही मोजतो. मग घरातल्या या हिरव्या मंडळींनीच काय घोडे मारले आहे?

आमची गॅलरी आठ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद. पूर्वेकडची. या एवढ्याशा जागेत माझ्या शेहेचाळीस कुंड्या आहेत. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, पानओवा ही स्वयंपाकघराची माणसे. मोगरा, जास्वंद, अनंत ही देवघराची. गोकर्णाचा वेल गजांवर, मनी प्लांट दाराच्या चौकटीवर. जरा चौकशी केली तर लक्षात येते की, या साडेतीन फुटांत अर्धे जग वस्तीला आले आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, निशिगंध मेक्सिकोचा, मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या एका बेटावरचा. आपण ज्याला मोठ्या भक्तिभावाने ब्रह्मकमळ म्हणतो आणि ज्याची आरती करतो, ते तर मध्य अमेरिकेकडचे निवडुंग! हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळेच. पण रात्री साडेदहाला त्याची कळी उमलू लागली की, हे सारे वनस्पतिशास्त्र बाजूला राहते. शेजारची मुले परीक्षा असली तरी येतात, खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत येतात, आणि एरवी पाण्याच्या मोटरीवरून भांडणारी दोन घरे एकाच कुंडीभोवती कॉफी पीत उभी राहतात. सकाळी ते फूल मान टाकते. एका रात्रीचाच सोहळा. पण सोसायटीच्या स्नेहसंमेलनालाही एवढी हजेरी लागत नाही!

आता ऑर्किडची गोष्ट. पहिले ऑर्किड मी २००७ साली एका पुष्पप्रदर्शनातून आणले. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे डेंड्रोबियम. आमच्या सासूबाईंनी ते खालून वर न्याहाळले आणि विचारले, “अगं, हे बांडगूळ कशाला पैसे देऊन आणलंस? गावाला आंब्यावरून काढून टाकायला माणूस लावतात.”

बांडगूळ नव्हे हे पटवायला मला बरेच दिवस लागले. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळे घुसवून त्याच्या वाट्याचे पाणी पळवते. झाडावरचे ऑर्किड नुसतेच फांदीवर बसते. पाऊस, धुके, वाऱ्याबरोबर आलेला पालापाचोळा यांवर त्याचा प्रपंच चालतो. यजमानाच्या ताटातला घासही ते उचलत नाही. डेंड्रोबियम या नावाचा अर्थच मुळी ‘झाडावर जगणारे’. पण हे ज्ञान मला तेव्हा कुठे होते? मी आपली लाल माती आणि शेणखत घातले, तुळशीबरोबर रोज तांब्याभर पाणी ओतले, आणि दोन महिन्यांत मुळे कुजून रोप गेले. मायेने मारले म्हणतात ते असे.

दुसरे रोप आणले ते विचारपूस करून. मातीचा कण नाही. भोके असलेली कुंडी, त्यात कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे. सकाळी फवारा मारायचा आणि दुपारपर्यंत मुळे कोरडी होऊ द्यायची. ऑर्किडच्या मुळांवर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. ते पाणी पिते तेव्हा मूळ हिरवे दिसू लागते, आणि वाळले की पुन्हा चंदेरी होते. पाणी हवे की नको हे रोप स्वतःच सांगत असते. आपल्याला वाचता आले म्हणजे झाले. सासूबाईंची नजर त्या वेळी मोतीबिंदूने अधू झालेली. त्या मुळावरून हलकेच बोट फिरवीत आणि सांगत, “आज नको घालूस, अजून ओलं आहे.” त्यांचा अंदाज कधी चुकला नाही.

त्या रोपाने आम्हाला दोन वर्षे दोन महिने थांबवले. दर हंगामात एक नवा कांडा यायचा, पाने यायची, आणि फुलाचे नाव नाही. मी कंटाळले. सासूबाई नाही कंटाळल्या. गुडघ्यांमुळे त्यांचे जिना उतरणे बंद झाले होते. त्यांचे अंगण म्हणजे ती गॅलरीच. २०१० च्या नवरात्रात एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले. कांड्याच्या टोकाशी हिरव्या मण्यांसारखे काही तरी बोटाला लागत होते. पुढचे तीन आठवडे रोज सकाळी त्या कळ्या मोजत. एकदा एक कमी भरली तर गोगलगाईच्या नावाने त्यांनी घर डोक्यावर घेतले. अकरा फुले आली आणि जवळजवळ दीड महिना टिकली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः गॅलरीत नेत आणि सांगत, “बांडगूळ नव्हे हो, ऑर्किड!”

म्हणूनच ‘छंद’ हा शब्द मला इथे तोकडा वाटतो. छंद आपण सोयीने करतो. रोपाची सोय आपल्याला पाहावी लागते. गावाला जायचे तर आधी शेजारणीला किल्ली द्यायची. मोगऱ्याला उन्हाळ्यात बहर हवा तर थंडी सरताना त्याचे पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, छाटायचे, आणि काही आठवडे काटक्यांकडे पाहत गप्प बसायचे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की, ऑफिसला उशीर झाला तरी साबणाच्या पाण्याने एकेक फांदी पुसायची. बटण दाबले की वस्तू दारात हजर होण्याच्या या दिवसांत, आपल्या घाईला अजिबात भीक न घालणारे घरात कुणी तरी असावे. मुलांच्या दृष्टीने तर फारच. माझ्या नातवाला मी व्हॅनिलाची गोष्ट सांगितली. ज्या आइस्क्रीमसाठी तो हट्ट धरतो, त्याचा सुगंधही एका ऑर्किडच्या शेंगेतला. मेक्सिकोबाहेर नेलेल्या वेलींना फुले येत, पण शेंगा धरत नसत. १८४१ साली रीयुनियन बेटावर एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीकशी काडी आणि अंगठा वापरून हाताने परागीकरण करण्याची सोपी रीत शोधली. आजही मळ्यांतून व्हॅनिलाचे फूल न् फूल हातानेच फळवतात. ‘बारा वर्षांचा मुलगा?’ असे म्हणून नातू जो गॅलरीत गेला, तो तासभर फुले निरखीत बसला. मोबाइल आत वाजत होता.

पण या कौतुकात एक काळा डागही आहे, आणि तो माझाच आहे. २०११ च्या मे महिन्यात कोकणातून परतताना घाटातल्या एका वळणावर एक मुलगा सीतेची वेणी विकत उभा होता. फांदीसकट तोडलेले झुपके, गुलाबी-पांढऱ्या फुलांचे घोस खाली लोंबणारे. हेच फूल आसामात कपौफूल म्हणून बिहूच्या नाचात बायका केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प. मला मोह आवरला नाही. पन्नास रुपयांना दोन झुपके घेतले आणि मोठ्या विजयी मुद्रेने घरी आले. फुले आठवड्याभरात गळली. सालीपासून ओरबाडलेली मुळे पुन्हा धरलीच नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही झुपके वाळून कोळ झाले.

त्या वेळी वाटले, आपला हातगुण नाही. पुढे वाचनात आले ते असे. ऑर्किडच्या एका बोंडात धुळीसारखे लक्षावधी बी असते. पण त्या बियांत शिदोरी म्हणून काही नसते. नेमकी बुरशी भेटली आणि तिने पोसले तरच बी रुजते. मग फूल येईपर्यंत कित्येक वर्षे. १९२२ साली लुइस नड्सन या शास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या माध्यमात बुरशीवाचून बी रुजवून दाखवले. आज रोपवाटिकांत जी डेंड्रोबियम वाजवी दरात मिळतात, ती अशा बाटल्यांतल्या लागवडीची आणि ऊतिसंवर्धनाची कृपा. म्हणजे घरासाठी ऑर्किड हवे तर सरळ मार्ग उपलब्ध आहे. भारतात ऑर्किडच्या बाराशेहून अधिक जाती आहेत, सह्याद्रीतही त्या पुष्कळ आहेत. त्या तिथेच राहू देत. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पोट होते, मला फक्त हौस होती. गिऱ्हाईक मी झाले म्हणून तो पुढच्या रविवारी पुन्हा झाडावर चढला असेल, एवढे मात्र मला विसरता येत नाही.

तेव्हा कुंडीवाल्यांची बाजू घेताना मी त्यांच्या चुकांवर पांघरूण घालणार नाही. सोसायटीतल्या तक्रारी सगळ्याच खोट्या नसतात. आमच्या कुंडीचे मातकट पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर पडले आहे आणि मी जाऊन माफी मागितली आहे. कठड्यावर कुंडी ठेवणे म्हणजे खालून जाणाऱ्याच्या डोक्याशी जुगार. खालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात. ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून कोरड्या केल्याच पाहिजेत. जुन्या स्लॅबवर ओल्या मातीचे ड्रम रचणे हेही शहाणपणाचे नाही. मी वजन कमी करण्यासाठी मातीत निम्मे कोकोपीट मिसळते आणि जड कुंड्या भिंतीलगत ठेवते. हक्क सांगायचा तर शिस्त आलीच.

पण शिस्त पाळणाऱ्यालाही जागा तर हवी? नव्या इमारतींच्या जाहिरातींत तळमजल्यावर आखीव हिरवळ असते, कारंजी असतात. ती पाहायला छान. पण तिथले पान तोडले तर रखवालदार शिट्टी वाजवतो. ‘गच्चीवर सामायिक बाग करू’ असेही आमच्या सभेत सुचवले गेले. जरूर करा, पण गुडघे धरलेल्या माणसाने पहाटे ऑर्किडची कळी मोजायला बाराव्या मजल्याच्या वर जायचे का? घरातल्या बागेचे सारे सुख ती घरात असण्यात आहे. दात घासता घासता नजर जाते, भाजीला फोडणी दिल्यावर हात लांबवून कढीपत्ता तोडता येतो. सासूबाई २०१९ साली गेल्या. शेवटची सात-आठ वर्षे त्यांनी घराबाहेरचे जग फारसे पाहिलेच नाही. तरी रोज काहीतरी नवे घडल्याची बातमी त्याच आम्हाला द्यायच्या. ती बातमी साडेतीन फुटांतून यायची. मोठ्या झालेल्या हॉलमध्ये आणखी एक सोफा मावला असता. पण त्याला कधी कळी आली नसती.

सभेनंतर मी समितीला पत्र दिले. पूर्वेच्या बाजूला तीन फूट उघडी गॅलरी ठेवावी. पाणी वाहून जायला उतार आणि नळी काढावी. त्याबदली हॉल तेवढा लहान चालेल. सह्या गोळा करायला निघाले तेव्हा धाकधूक होती. चोवीस घरांपैकी पंधरा घरांनी सही केली. त्यांत सभेत मागून बोललेले गृहस्थही होते. “काकू, आमच्या आईची तुळस आहे हो,” एवढेच म्हणाले. निर्णय अजून व्हायचा आहे. नकाशा बदलेलच असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दोन महिन्यांनी आम्हाला भाड्याच्या घरात जायचे आहे. तिथे एकच खिडकी उन्हाची. म्हणून सध्या एका वहीत प्रत्येक कुंडीची पथ्ये लिहून काढते आहे. चाळीस कुंड्या ओळखीच्या घरी सांभाळायला जातील, सहा बरोबर येतील. वाचकांना एवढेच सांगायचे आहे की, तुमच्याकडे असा नकाशा भिंतीवर लागेल तेव्हा चौरस फुटांची बेरीज झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: सकाळचे ऊन कुठून येते, आणि तिथे एक कुंडी राहील का? लोक हसतील. हसू द्यात.

सोबत न्यायच्या सहांत ते २००८ चे डेंड्रोबियम आहेच. काल त्याच्या कांड्याच्या टोकाशी हिरवे मणी दिसले. अजून मोजता येत नाहीत. चश्मा लावूनही नाही. बोटाने मात्र लागतात.