फ्रिजबाहेरची कुपी

बाळ रडले की घरच्यांच्या लेखी बाळंतपण आटोपलेले असते. वार पडायची मात्र बाकी असते, आणि बाळंतिणीच्या जिवाचा खरा घोर तिथून पुढे सुरू होतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहते. वार सुटल्यावर गर्भाशय आकसले नाही, तर रक्ताची पिशवी येईपर्यंत वेळच उरत नाही. जगभरात दरवर्षी हजारो स्त्रिया अशा रक्तस्रावाने मरतात. म्हणूनच बाळ जन्मताच, मिनिटभराच्या आत, प्रत्येकीला गर्भाशय आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिट टोचायचे हा नियम झाला.

टोचले जाते. पण काय?

हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे. उष्णतेत ते हळूहळू निकामी होते आणि कुपीतला द्रव तरीही तसाच नितळ दिसतो. लसीच्या कुपीवर उष्णता लागली की रंग बदलणारी खूण असते. इथे सहसा तीही नसते. सिस्टर वेळ आणि मात्रा नोंदवून मोकळ्या होतात. रक्त थांबले नाही, तर खापर बाळंतिणीच्या ‘अंगात रक्त नव्हते’ यावर फुटते. लसींसाठी आयएलआर (बर्फाच्या अस्तराचा फ्रिज) आहे, तापमानाची रोजची नोंद आहे. ऑक्सिटोसिन मात्र अनेकदा लेबर रूमच्या ट्रेमध्ये पडून असते, विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा. लेबलवर काहीही छापलेले असो, ते लसींच्या शीतसाखळीतच ठेवा, असे जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०१९ मध्येच एकत्रितपणे सांगितले आहे.

आपल्या सरकारला या औषधाची आठवण झाली ती म्हशींमुळे. पान्ह्यासाठी गोठ्यात होणारा गैरवापर रोखायचा म्हणून २०१८ मध्ये देशातल्या वापरासाठीचे खासगी उत्पादन बंद करून सगळा पुरवठा एका सरकारी कंपनीवर टांगण्याचा घाट घातला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. गैरवापर खोटा नव्हता. पण त्या सगळ्या गदारोळात बाळंतीण शेवटच्या रांगेत होती.

जिथे फ्रिजच चालत नाही तिथेही हात बांधलेले नाहीत. बेळगावच्या ग्रामीण भागातल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. त्याच कामाचे, उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिनही आता उपलब्ध आहे.

पण जिथे आयएलआर चालू आहे तिथे सबब कसली? आरोग्य विभागाने पुढच्या उन्हाळ्याआधी लेखी आदेश काढावा: ऑक्सिटोसिन आयएलआरमध्ये, वेगळ्या डब्यात, आणि कारखान्यापासून आरोग्य केंद्रापर्यंतच्या वाहतुकीतल्या तापमानाची अट निविदेतच घालावी. आयएलआरची किल्ली लसीकरण पाहणाऱ्यांकडे असेल, तर दुसरी करून लेबर रूममध्ये द्यावी. रात्री दोनला बाळंतीण आली, की कुलूप उघडायला माणूस शोधत फिरता येत नाही.